सहा शिंगांची फुंकर

एका राज्यात राजा होता, प्रधान होता, डोंगराएवढी फौज होती, पण राजाच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता. राजाचे नाव विश्वंभर. नदीपलीकडे कोणी नवा बुरूज बांधला की विश्वंभराचे ताट तसेच निवून जाई. पलीकडे नवी पागा उभी राहिली की इकडे राजवैद्याला बोलावणे जाई.

महानदीच्या दोन काठांवर सहा मोठी राज्ये होती. उगवतीच्या काठाला तीन, मावळतीच्या काठाला तीन. उगवतीच्या तिघांत विश्वंभर वडील, मावळतीच्या तिघांत राजा रणकेसरी वडील. आणि मधोमध, जिथे नदी दोन फाटे होऊन वाहते, तिथे सपाट हिरव्या भुईचे एक चिमुकले राज्य होते. तिथे राणी शुभावली राज्य करी. तिच्यापाशी फौज नव्हती. सहाही राजांनी एका ताम्रपटावर आपापली मुद्रा उठवली होती, की शुभावलीच्या भुईवर आमचा सैनिक कधी पाय ठेवणार नाही. तो ताम्रपट हीच तिची तटबंदी.

एके दिवशी भर दुपारी विश्वंभराच्या दरबारात धूमकेश नावाचा मांत्रिक आला. त्याच्या केसांतून धूर निघत असे. दरबाऱ्यांना त्याचे नवल वाटले नाही, फक्त डोळे चुरचुरले.

"राजा, तुला काय हवे?" धूमकेशाने विचारले.

"माझ्यावर कोणी चालून आले, तर माझे दोन मित्र धावून येतील याची खात्री."

"मित्रांवर विश्वास नाही?"

"आहे. पण खात्री हवी."

मांत्रिकाने झोळीतून तीन काळी शिंगे काढली. "ही एकाच जनावराची. एक तू ठेव, दोन मित्रांना दे. एक फुंकले की उरलेली दोन आपोआप वाजतील. आणि ज्या राज्यात शिंग वाजेल, त्या राज्याच्या फौजेचे पाय रणाकडे निघतील. ऊन, पाऊस, नदी, डोंगर, काही आड येणार नाही."

"आणि पाय थांबवायचे झाले तर?"

धूमकेश हसला. "थांबण्याची सोय आधीच मागून ठेवणाऱ्याचा मित्रांना काय भरवसा?"

राजाला पुढे विचारायचे होते. पण सारा दरबार त्याच्याकडे पाहत होता. त्याने शिंगे घेतली.

बातमी नदीपलीकडे गेली. आता रणकेसरीची झोप उडाली. त्यानेही धूमकेशाला बोलावणे धाडले. मांत्रिकाने त्याच झोळीत हात घातला, आणि त्याच जनावराची आणखी तीन शिंगे निघाली. ती मावळतीच्या तीन राजांनी वाटून घेतली. सहाही शिंगे एकाच मस्तकावरची होती, म्हणून एका काठाची तीन वाजली की दुसऱ्या काठाची तीन गप्प राहणार नव्हती. हे धूमकेशाने कोणाला सांगितले नाही. कोणी विचारलेही नाही.

बारा वर्षे शांततेत गेली. दोन्ही काठांवरचे राजे म्हणत, ही शांतता शिंगांचीच कृपा.

विश्वंभराच्या पदरी रायाजी नावाचा शिंगवाला होता. सणावाराला, राजाच्या स्वारीपुढे, लग्नाच्या वरातीत तो पितळी शिंग फुंकी. बायको वारली होती. एकुलती लेक तुळजा शुभावलीच्या राज्यात दिली होती. जावई माणको तिथला नावाडी. ते काळे शिंग सांभाळण्याचे काम रायाजीकडेच होते. तो रोज ते तेलाने पुसे, पण ओठांना कधी लावले नव्हते. हाताला ते नेहमी कोमट लागे, जनावराच्या कानासारखे.

उगवतीच्या सीमेवर घाटसरदाराचा लहानसा मुलूख होता. विश्वंभराने त्याचा अर्धा भाग पूर्वी बळकावला होता, आणि तेव्हापासून घाटसरदार रणकेसरीच्या आश्रयाला होता. तिथल्या जत्रेला विश्वंभराचा पुतण्या, युवराज जयकेतू, रथातून गेला. सारथी वाट चुकला. रथ अरुंद गल्लीत शिरला आणि वळवायला जागा उरली नाही. सारथी खाली उतरून घोड्यांना मागे रेटू लागला. तेवढ्यात एका उंबऱ्यावर बसलेला तिरंदाज उठला. त्याच्या बापाचे शेत विश्वंभराच्या फौजेने नेले होते. त्याने एकच बाण सोडला. जयकेतू रथातच मेला.

विश्वंभराला मूल नव्हते. जयकेतूला त्याने मांडीवर वाढवले होते. तो दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी त्याने घाटसरदाराकडे तीन अटी धाडल्या आणि उत्तराला तीन दिवसांची मुदत दिली. पहिली अट, मारेकरी आमच्या हवाली करा. दुसरी, तुमच्या गडावरचे निशाण चाळीस दिवस उतरवा. तिसरी, तुमच्या न्यायासनावर आमचा माणूस बसेल.

तिसऱ्या दिवशी उत्तर आले. मारेकरी बेड्या घालून धाडला होता. निशाण उतरले होते. तिसऱ्या अटीपुढे एकच ओळ होती: माझ्या घरचा न्याय मीच करीन.

राजाने ते पत्र दोनदा वाचले. मग मान वर केली.

"रायाजी, शिंग फुंक."

रायाजी शिंग घेऊन पुढे आला, आणि थांबला. "महाराज, तीनातल्या दोन अटी मान्य झाल्यात."

"शिंगवाल्याने हुकूम ऐकायचा असतो."

रायाजीने प्रधानाकडे पाहिले. प्रधान जमिनीकडे पाहत होता. सेनापती खिडकीबाहेर पाहत होता. त्या भरल्या दरबारात एका माणसाने जरी 'महाराज, जरा थांबा' म्हटले असते, तरी रायाजीने शिंग खाली ठेवले असते. कोणी म्हटले नाही. रायाजीलाही पुन्हा म्हणायचा धीर झाला नाही. त्याने शिंग ओठांना लावले आणि छाती भरून फुंकले. ती फुंकर फौजेच्या पुढे पुढे वाजत नदीकाठापर्यंत गेली.

उगवतीच्या दुसऱ्या राज्यात राजा स्नानाला बसला होता. फळीवरचे शिंग आपोआप वाजू लागले. तिसऱ्या राज्यात राजा विचारू लागला, "जयकेतू कोण?" त्याला कोणी सांगेपर्यंत फौज वेशीबाहेर पडली होती. मग मावळतीच्या काठावर तीन शिंगे वाजली. न्हाव्यापुढे बसलेला शिपाई अर्ध्या दाढीनेच उठून चालू लागला. भाकरी खाणाऱ्याच्या हातात घास तसाच राहिला.

रणकेसरीने घाईघाईने हुकूम लिहिला, की माझी फौज थांबवा. सेनापती हात जोडून म्हणाला, "महाराज, हुकूम कानांना कळतो, पायांना नाही. पाय निघालेत." आणि बोलता बोलता तो स्वतःही चालू लागला.

दोन्ही काठांना जोडणारी जवळची वाट शुभावलीच्या राज्यातून होती. राणी पुलावर आली. दोन्ही हातांनी ताम्रपट डोक्यावर धरून उभी राहिली. पुढच्या रांगेतला शिपाई रडत होता.

"राणीसाहेब, बाजूला व्हा. माझे पाय माझे ऐकत नाहीत."

राणी हलली नाही. गर्दीने तिला कठड्यावर रेटले, ताम्रपट पायांखाली आला, आणि फौज पुढे गेली.

शुभावलीच्या हिरव्या भुईवर सहा फौजा समोरासमोर भिडल्या. पुढे जाता येईना, कारण समोर भाले होते. मागे फिरता येईना, कारण पाय फिरत नव्हते. तेव्हा त्यांनी आडोशाला खंदक खणले. त्या खंदकांत तीन वर्षे गेली. किती मेले ते खंदकातली माती जाणे.

रायाजीने ते शिंग खुंटीला टांगले होते. पण ते गप्प होईना. दिवसभर बारीक गुणगुणत राही. गावात पुरुष उरले नव्हते, बाया नांगर धरीत होत्या, आणि त्या गुणगुणण्यावाचून दुसरा आवाज नव्हता. एका सकाळी रायाजीने शिंग खांद्याला अडकवले, दाराला कडी लावली आणि धूमकेश राहत असे त्या धुराच्या डोंगराची वाट धरली.

महिनाभर चालून तो डोंगराच्या पायथ्याशी पोचला. तिथे एका जुनाट झाडाची ढोली चिखलाने लिंपून बंद केलेली होती. फटीतून एक लांब पिवळी चोच बाहेर आली होती.

"शिंगवाल्या, माती फोड," चोच म्हणाली.

रायाजीने दगडाने माती फोडली. आतून एक धनेश पक्षी निघाला. डोक्यावर मोठा पोकळ तुरा, पंख मळलेले.

"तुला कोणी कोंडले?" रायाजीने विचारले.

"धूमकेशाने. ज्याची शिंगे त्याने कापली, त्या गव्याच्या पाठीवर मी बसत असे. मला सगळे ठाऊक आहे, म्हणून कोंडले. चल, गवा अजून जिवंत आहे."

डोंगराच्या पोटात गुहा होती. गुहेत हत्तीएवढा गवा बसला होता. मस्तकावर सहा खुंट, आणि सहाही खुंटांतून रक्त ठिबकत होते. रायाजीच्या खांद्यावरचे शिंग पाहून त्याने डोळे मिटले.

"फुंकलेस तूच?" गव्याने विचारले.

"होय."

"मग ऐक. शिंगे माझ्या मस्तकावर परत आली की पाय थांबतील. पण तीन शब्दांनी ती बांधली आहेत. बोलायला हवे होते आणि बोलले नाहीत, असे ते शब्द. एक सुरुवात करणाऱ्याचा. एक प्रत्युत्तर देणाऱ्याचा. एक दोघांच्या मधे तुडवली गेली तिचा. ते त्यांच्याच तोंडून यायला हवेत. धनेश आपल्या तुऱ्यात ते साठवील. तिन्ही शब्द आण, मग तू फुंकलेला श्वास तुला परत ओढावा लागेल."

"कोणते शब्द?"

"मी सांगितले तर ते त्यांचे राहणार नाहीत."

रायाजी धनेशाला घेऊन आधी आपल्या राजाकडे गेला. राजवाड्यात गवत वाढले होते. विश्वंभर जयकेतूच्या रिकाम्या पलंगाशेजारी बसला होता. त्याच्या कमरेला तलवार होती, पण म्यान सैल झाले होते.

"महाराज, एक शब्द मागायला आलोय."

"कोणता?"

"त्या दिवशी मनात होता आणि बोलला नाहीत, तो."

राजाने तलवार उपसली. टोक रायाजीच्या गळ्याला लागले. "राजाच्या मनात शिरतोस?"

रायाजीच्या गळ्यावरून रक्ताचा थेंब ओघळला, पण तो मागे सरकला नाही. "महाराज, माझ्या मनातले आधी सांगतो. दोन अटी मान्य झाल्या, तेवढ्या पुरेत, असे मला वाटले होते. एकदा बोललो. दुसऱ्यांदा बोललो नाही. मला नोकरीची भीती वाटली, तुमची वाटली. म्हणून मी फुंकले."

राजाने तलवारीचे टोक गळ्यावरून काढले.

"दोन अटींवर माझेही समाधान झाले होते," तो म्हणाला. "पत्र वाचले तेव्हाच. मारेकरी मिळाला, निशाण उतरले, आता पुरे, असे वाटले. मग वाटले, मी नमलो असे मित्र म्हणतील. उद्या माझ्यासाठी कोणी उठणार नाही. पलीकडचे हसतील." त्याने तलवार खाली टाकली. "रायाजी, मी भ्यालो."

धनेशाने चोच मिटली. त्याचा तुरा क्षणभर लाल झाला.

मग रायाजी रणभूमीवर आला. पक्षी उंच उडत होता, आणि खाली रायाजी चिखलातून सरपटत होता. दोन बाजूंच्या खंदकांमधल्या पट्टीत एक झाड उरले नव्हते. बाण डोक्यावरून जात होते. तो मावळतीच्या खंदकात घसरला, तेव्हा कोणीतरी त्याला गळपट्टीला धरून वर उचलले आणि कट्यार रोखली.

"मामा?"

तो माणको होता, रायाजीचा जावई. राज्य तुडवले गेल्यावर शुभावलीचे नावाडी मावळतीच्या फौजेत सामील झाले होते, आणि खंदकात पाय ठेवताच त्यांचे पायही बांधले गेले होते. माणकोची दाढी छातीपर्यंत आली होती.

"मामा, इथे कशाला आलात? आणि हे खांद्यावर काय गुणगुणतेय?"

भोवती पाच-सहा नावाडी जमले. त्यातला एक म्हणाला, "पहिले शिंग ज्याने फुंकले, तो हाती लागला तर त्याला याच चिखलात पुरायचे, अशी आम्ही शपथ घेतली आहे. म्हातारबा, तुम्ही त्या काठाचे. कोण तो, ठाऊक आहे?"

रायाजीला खोटे बोलता आले असते. माणकोने त्याच्या डोळ्यांत पाहिले, आणि त्याला कळले. त्याने हळूच मान हलवली, की बोलू नका.

"मीच तो," रायाजी म्हणाला.

कट्यारी वर झाल्या. माणको मधे उभा राहिला. "आधी विचारा, आलाय कशाला. पुरायला जागा कुठे पळत नाही."

रायाजीने सगळे सांगितले. मग ज्याने शपथेची गोष्ट काढली होती त्यानेच कट्यार कमरेला खोचली. "राजाचा तंबू उजव्या अंगाला आहे. वाकून जा. तिथे उभे राहिलेले बरेच जण आडवे झालेत."

रणकेसरी तंबूत एकटा होता. समोर नकाशा होता, त्यावर सोंगट्या होत्या. त्याने सगळे ऐकून घेतले.

"तो शब्द मला ठाऊक आहे," रणकेसरी म्हणाला. "मी थांबण्याचा हुकूम लिहिला होता. तो अजून माझ्या खिशात आहे."

"मग बोला, महाराज."

"बोलू कसा? या खंदकांत माझी लाखभर माणसे पडली आहेत. मला हे नको होते असे मी म्हटले, तर त्यांच्या आयांना काय सांगू? तुमची पोरे कशासाठी गेली म्हणून सांगू?"

बाहेर कोणीतरी किंचाळले आणि गप्प झाले. दोघांनीही तिकडे पाहिले नाही.

"महाराज," रायाजी म्हणाला, "त्या आयांना काय सांगावे ते मला माहीत नाही. पण खंदकात जे अजून जिवंत आहेत, त्यांनाही आया आहेत."

रणकेसरीने सगळ्या सोंगट्या हाताने एका बाजूला सारल्या. खिशातला हुकूम काढून नकाशावर ठेवला. धनेश तंबूच्या दांडीवर वाट पाहत बसला.

"मला लढायचे नव्हते," शेवटी रणकेसरी म्हणाला. धनेशाचा तुरा पुन्हा लाल झाला.

आता तिसरा शब्द. शुभावली राणीचा वाडा जळाला होता. ती नदीकाठच्या एका गोठ्यात राहत होती. पुलावर तिचा खांदा मोडला होता, तो वाकडाच सांधला होता. तिच्यापाशी चुलीजवळ एक बाई बसली होती. तिने रायाजीला पाहिले आणि हातातले लाकूड खाली ठेवले. ती तुळजा होती.

रायाजीने राणीला सगळे सांगितले. आपण कोण, हेही सांगितले.

राणी म्हणाली, "मावळतीच्या राजांनी मला वचन दिले आहे. उगवतीची राज्ये जिंकली की ती जाळण्याचा मान माझा. मी त्या दिवसावर जगते आहे. माझी गावे जशी जळाली, तशी त्यांची जळोत. मग तुला हवा तो शब्द घेऊन जा."

तिच्यापुढे बोलण्याचा रायाजीला हक्क नव्हता, हे त्याला कळत होते. तो खाली मान घालून उभा राहिला. तेव्हा तुळजा उठली.

"बाबा, ती फुंकर तुमची होती ना?"

"होय, तुळजा."

"मला लगेच ओळखू आली. मी लहान असताना तुम्ही घरी येताना वळणावर शिंग फुंकायचात आणि मी दाराशी धावत यायचे. त्या दिवशीही धावले. वाटले, बाबा भेटायला आले. तांब्या भरून दार उघडले." ती थांबली. "उघड्या दारातून फौज आत शिरली. सासूबाई खाटेवर होत्या. त्यांना उठताही येत नव्हते."

रायाजी मटकन खाली बसला. चुलीवरचे पाणी उतू गेले आणि विस्तव चरचरला.

राणीने विचारले, "तुळजा, तूच सांग. तुझे माझ्याहून काही कमी गेलेले नाही. मी त्यांना सोडू?"

तुळजा बापाकडे पाहत नव्हती. "राणीसाहेब, मला यांचे तोंड बघवत नाही. पण आपण उगवतीला आग लावायला जाऊ, तेव्हा आपलीही शिंगे वाजतील. तिकडेही कोणाला तरी वाटेल, घरचे माणूस आले. ती दार उघडेल." तिने खाली ठेवलेले लाकूड चुलीत सारले. "मला तेवढे नको."

शुभावलीने मोडक्या खांद्यावर हात ठेवला. तीन वर्षांत ती रडली नव्हती. आताही रडली नाही.

"पुरे," ती म्हणाली.

तिसऱ्यांदा धनेशाचा तुरा लाल झाला, आणि तसाच लाल राहिला.

गुहेच्या तोंडाशी धूमकेश उभा होता. तीन वर्षांत तो ताडासारखा उंच झाला होता. धुराने आभाळ झाकले होते.

"रायाजी, तुझा काय दोष?" तो गोड आवाजात म्हणाला. "तू हुकमाचा ताबेदार. राजे मोठे, त्यांची भांडणे मोठी. मी तरी कोणाला लढ म्हटले? त्यांनी मागितले, मी दिले. घरी जा."

"वाट सोड."

"तुला गव्याने अर्धेच सांगितले. श्वास परत ओढलास, की तीन वर्षांत या शिंगाने जे जे ऐकले ते सगळे त्याच्याबरोबर आत येईल. साधी माणसाची छाती तुझी. फुटेल."

रायाजीला मरायचे नव्हते. तुळजाने शेवटी त्याच्याकडे पाठ फिरवली होती, आणि तसेच मरायला त्याचे मन होत नव्हते. तरी तो खाली वाकून धुरातून आत शिरला, आणि गव्यापुढे उभे राहून त्याने काळे शिंग ओठांना लावले.

"धनेशा, बोल."

पक्षी विश्वंभराच्या आवाजात बोलला, "मी भ्यालो." रायाजीने श्वास आत ओढला. दूर उगवतीच्या दोन राज्यांतली शिंगे फळीवरून नाहीशी झाली आणि गव्याच्या मस्तकावर उगवली. रायाजीच्या छातीत घोड्यांच्या टापा शिरल्या.

पक्षी रणकेसरीच्या आवाजात बोलला, "मला लढायचे नव्हते." आणखी दोन शिंगे परतली. रायाजीच्या छातीत हाका शिरल्या. पाणी मागणाऱ्या, आईला बोलावणाऱ्या, नुसती नावे घेणाऱ्या. त्याच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. शिंग खाली टाकावेसे वाटले. धूमकेश ओरडत होता, "सोड! सोड!" रायाजीने दोन्ही हातांनी शिंग घट्ट धरले आणि श्वास तोडला नाही.

पक्षी शुभावलीच्या आवाजात बोलला, "पुरे."

पाचवे शिंग परतले. मग रायाजीच्या हातातले सहावे निसटले आणि आपल्या जागी बसले. गवा उठून उभा राहिला. त्याने एकदाच मोठा निःश्वास टाकला. धूमकेश विस्कटला, पातळ झाला, आणि त्याच्या जागी रिकामी झोळी उरली.

त्याच घटकेला रणभूमीवर एका शिपायाचा उचललेला पाय खाली आला आणि तिथेच राहिला. त्याने तो पुन्हा उचलून पाहिला. मागे टाकून पाहिला. पाय मागे गेला. तो मोठमोठ्याने रडू लागला. मग दोन्ही खंदकांतून माणसे वर आली आणि जिथे होती तिथे उन्हात बसून राहिली.

सहा राजे घाटसरदाराच्या गावी भेटले. पहिल्या दिवशी ते भांडले. दुसऱ्या दिवशी कोणी तोंड उघडले नाही. तिसऱ्या दिवशी विश्वंभराने घाटसरदाराचा मुलूख परत केला, आणि सर्वांनी एकाच पंगतीला बसून जेवण केले. मैत्रीची नवी कलमे लिहिली गेली. त्यातले पहिले शुभावलीने सांगितले: मित्र चुकत असेल तर तसे त्याच्या तोंडावर सांगायचे, आणि सांगणाऱ्याला शत्रू मानायचे नाही. सहाही राजांनी आपापली मुद्रा उठवली. या वेळी शुभावलीचीही मुद्रा खाली होती.

शुभावलीचे चाळीस नावाडी फौजेत गेले होते, त्यांतले सात परत आले. माणको त्यांतला एक. त्याचा डावा हात खंदकातच राहिला होता.

रायाजी मेला नाही. गव्याने त्याला पाठीवर घालून डोंगराखाली आणले. त्याचे केस पांढरे झाले होते आणि आवाज गेला होता. उरली होती फक्त कुजबूज. तो शुभावलीच्या राज्यातच राहिला. वर्षभर फावडे घेऊन खंदक बुजवीत होता. तुळजा त्याला रोज भाकरी आणून देई, पण बोलत नसे. खंदक बुजले आणि भुईवर पहिले पीक उभे राहिले, तेव्हा ती एकदा भाकरी देऊन तिथेच बांधावर बसली आणि म्हणाली, "यांना एका हाताने नाव वल्हवत नाही. तुम्ही दुसऱ्या वल्ह्याला बसाल का?"

रायाजीने मान डोलावली.

तेव्हापासून तो नावेवर असे. दोन्ही काठांची माणसे त्याच नावेतून जात. रायाजी काही सांगू लागला की ती त्याच्याकडे सरकत, कारण त्याची कुजबूज ऐकायची तर खांद्याला खांदा लावून बसावे लागे.

सहा शिंगांची ही हकिकत अशी झाली. ऐकणाऱ्याच्या घरी सगळे सुखरूप परतोत, आणि सांगणाऱ्याचा घसा शाबूत राहो.